मेंदू आधी, ‘मी’ नंतर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदू आधीच ठरवून मोकळा होतो, आपल्याला मागाहून कळते, म्हणून इच्छास्वातंत्र्य हा भ्रम, असे आपल्या अंकातील लेखात मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाच्या आधारे म्हटले आहे. त्या प्रयोगाला एवढा निष्कर्ष पेलवत नाही. खुद्द लिबेटही तो काढत नव्हते. जाणीव झाल्यावर हालचाल रोखायला थोडा वेळ उरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रयोगात वाटेल तेव्हा मनगट हलवायचे होते. इच्छा जाणवली तेव्हा, २.५६ सेकंदांत एक फेरी घेणारा घड्याळातला ठिपका कुठे होता, हे नंतर सांगायचे. स्नायू कामाला लागला तो शून्य क्षण. मेंदूतला ‘रेडिनेस पोटेन्शियल’ हा संकेत त्याआधी सुमारे ५५० मिलिसेकंद सुरू झालेला दिसला, इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी.

गोम आहे ती हा संकेत मिळवण्याच्या पद्धतीत. तो इतका क्षीण असतो की एकाच हालचालीच्या ईईजीत (डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखात) तो सहसा ओळखूही येत नाही. म्हणून ४० हालचालींच्या नोंदी शून्य क्षणावर जुळवून त्यांची सरासरी काढली जाते. साहजिकच, हात हलला तेवढेच तुकडे हिशेबात येतात. संकेत चढला, ओसरला आणि हात हललाच नाही, असे तुकडे गळून पडतात. शुर्गर, सिट आणि डेहेन या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की मेंदूत आपोआप होणारे चढउतार एखाद्या वेळी उंबरठा ओलांडतात आणि तेव्हा हालचाल होते, एवढेच गृहीत धरले तरी सरासरीत तसाच चढ उमटतो. मग त्या चढाच्या सुरुवातीलाच निर्णय झाला होता, हे कशावरून?

त्याहून मोठा घोटाळा ‘मेंदूने ठरवले, तुम्ही नाही’ या वाक्यात आहे. यातले ‘तुम्ही’ कोण? मन म्हणजे मेंदूतलीच प्रक्रिया, ही प्लेस (१९५६) आणि स्मार्ट (१९५९) या तत्त्वज्ञांची भूमिका घेतली, तर मेंदूचा निर्णय तो माझाच निर्णय. मला त्याची जाणीव जरा उशिरा झाली, इतकेच. मेंदू आणि ‘मी’ यांची शर्यत लावायची, तर ‘मी’ मेंदूहून वेगळा धरावा लागतो. म्हणजे लेखकाने पहिल्याच परिच्छेदात मोडीत काढलेला देकार्तचा द्वैतवाद, म्हणजे मन आणि शरीर वेगळे मानण्याचा विचार, शेवटच्या परिच्छेदात परत आला.

अशा प्रयोगांविषयी लिहिताना निदान नोंदी किती होत्या, कोणत्या क्षणावर जुळवल्या आणि कोणत्या वगळल्या, एवढे तरी छापावे, ही विनंती.

– एक वाचक