नी-कॅप दोरीवरच राहिली

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

पहाटेच्या एसटीने न बोलता गेलास. आई दारात उभी होती, मी मात्र झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. "यादीत नाव नाही ना, मग आता पुरे झालं क्रिकेट" असं मी म्हणायला नको होतं. ते मला रात्रभर टोचत होतं.

गुडघ्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. फक्त जिना उतरताना तू कठडा धरतोस, ते मी पाहिलं.

अण्णांची फार आठवण आली. प्रा. दि. ब. देवधरांनी 1940 साली पुण्यात मुंबईविरुद्ध 246 केले, तेव्हा अण्णा दहा वर्षांचे. महाराष्ट्राच्या 675, तर मुंबईच्याही 650! हे सांगताना अण्णा जेवता जेवता उठायचे, ओट्यावरचं उलथनं बॅटसारखं धरायचे. आजी ओरडायची, "आमटी निवतेय!" तेव्हा देवधर 48 वर्षांचे होते. एसपी कॉलेजात संस्कृत शिकवायचे. 1926 साली इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाला मुंबईत 148 धावा काढून झोडपलं, पण 1932 साली आपण लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळलो तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेली. एकही कसोटी नशिबात आली नाही. तरी महाराष्ट्राचे कप्तान म्हणून त्यांनी लागोपाठ दोनदा रणजी करंडक आणला, आणि 1944 साली नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं काढली. बावन्नाव्या वर्षी, निखिल! मी आज तेवढ्याच वयाचा आहे.

एवढी वर्षं खेळायचं तर शरीर जपावं लागतं. तू वेगवान गोलंदाज, प्रत्येक चेंडूला पुढच्या पायावर सगळा भार. सूज लपवून स्पेल टाकलास तर उद्या...

बघ, पुन्हा तेच. माफ कर. भीती वाटते म्हणून बोलतो, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. तुझ्या पाच विकेट्सचं कात्रण देव्हाऱ्याच्या खणात आहे. आईने नाही, मी ठेवलंय.

तुझी निळी नी-कॅप दोरीवरच राहिली. शनिवारी मामाबरोबर पाठवतो. एक्स-रे काढलास की आईला कळव, मला नाही कळवलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा