परकीय भाषा किती दिवस ‘साइड’ला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीच्या निकालानंतरच्या आपल्या करिअर पुरवणीत ‘सहा महिन्यांत स्पॅनिश शिका आणि पॅकेज मिळवा’ अशा आशयाचा लेख वाचला. लेखाखालीच एका क्लासची चौकोनी जाहिरात होती, तो योगायोग समजू. आपल्याकडच्या पानावर स्पॅनिशचे नाव आले याचा आनंदच वाटला. पण ‘इंजिनीअरिंग किंवा बी.कॉम. करता करता साइडला उरकता येईल असा कोर्स’ हे वाक्य काही घशाखाली उतरले नाही. मी स्पॅनिशमध्ये बी.ए. आणि एम.ए. केले आहे आणि गेली बरीच वर्षे त्यावरच पोट भरते, म्हणून हे पत्र.

मी मूळची उदगीरची. वडिलांचे मोंढ्यात बी-बियाणे आणि खतांचे दुकान. मी बी.एस्सी. ॲग्री करायचे आणि दुकानाचे लायसन्स माझ्या नावावर काढायचे, असा घरचा बेत होता. स्पॅनिशची पदवी घेणार म्हटल्यावर आत्याने दोन प्रश्न विचारले. “म्हणजे इंग्रजीसारखंच, पण दुसरं?” आणि “त्याचं पुढे काय होतं?” पहिल्याचे उत्तर तीन वर्षांत सापडले. दुसऱ्याचे अजून दर लग्नात द्यावे लागते.

उदगीरहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, म्हणून तिकडे गेले. पदवीचा अभ्यास अगदी शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात सगळेच सारखे अडाणी असतात. पहिले वर्ष बहुतेक भाषेचे: उच्चार, क्रियापदांची रूपे, ऐकणे, बोलणे, पुन्हा क्रियापदांची रूपे. मराठी माध्यमातून आल्यामुळे मी दबकून असायचे. पण स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखे दातांना लागून, र खणखणीत, आणि नामाच्या लिंगवचनाप्रमाणे विशेषण वळवायचे हे तर मराठी पोराला शिकवावेच लागत नाही. कॉन्व्हेंटवाले नेमके तिथेच अडखळायचे. फुशारकी म्हणा हवे तर.

हे पहिले वर्ष चांगल्या क्लासमध्येही होऊ शकते, ते मी नाकारत नाही. खरी पदवी सुरू होते त्यानंतर. स्पेनमधले १९३६ ते १९३९ चे यादवी युद्ध आणि पुढे १९७५ पर्यंत हुकूमशहा फ्रँकोची राजवट, १४९२ नंतर अमेरिका खंडाची झालेली लूट, १९१० ची मेक्सिकन क्रांती, १९७३ मध्ये चिलीत उलथवलेले सरकार. सोबत कादंबरीकार सेर्वांतेसपासून कवी नेरुदापर्यंतचे वाचन, ध्वनिशास्त्र, भाषांतर. नेमके इथे मुले विचारतात, “मॅडम, जॉबमध्ये याचा काय उपयोग?” त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगते.

पुण्यात एका कंपनीत मी लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांची बिले, थकबाकी आणि पत्रव्यवहार बघायचे. मेक्सिको आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, त्यामुळे त्यांच्यासाठी रात्रपाळी. अर्जेंटिनावाले त्या मानाने बरे, त्यांची कचेरी उघडते तेव्हा इकडे संध्याकाळचा चहा. आमच्या टीममध्ये बी-टू पातळीची (म्हणजे मध्यमच्या वरची) परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेला एक मुलगा होता, व्याकरण माझ्याहून चोख. एकदा मार्चमध्ये ब्युनोस आयर्सच्या ग्राहकाकडून निरोप आला की २४ तारखेला कचेरी बंद राहील. याने उत्साहाने उत्तर टाइप केले: सुट्टीच्या हार्दिक शुभेच्छा, मजा करा, खाली रंगीत फुगे. एकही चूक नाही. पाठवण्याआधी सहज मला दाखवले म्हणून वाचलो.

२४ मार्च हा अर्जेंटिनात १९७६ च्या लष्करी उठावाचा स्मृतिदिन. १९८३ पर्यंत चाललेल्या त्या राजवटीत हजारो माणसे घरांतून, कारखान्यांतून, कॉलेजांतून उचलून नेली. मानवी हक्क संघटना ३० हजार हा आकडा सांगतात. त्यांतली बहुतेक परत आलीच नाहीत. त्यांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून १९७७ पासून राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. ज्या बाईंना तो मेल जाणार होता त्या साठीच्या आसपासच्या होत्या. त्यांच्या घरातले कोणी गेले होते की नाही, कोण जाणे. विचारायची गोष्टच नव्हती. फुगे काढले, शुभेच्छा काढल्या आणि ‘नोंद घेतली, २५ तारखेला बोलू’ एवढेच पाठवले.

त्या मुलाला दोष देत नाही. त्याला हे कुणी शिकवलेच नव्हते. क्लासच्या पुस्तकात ‘सण आणि सुट्ट्या’ या धड्यात टोमॅटोची मारामारी असते आणि बैलांपुढे पळणारी माणसे असतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षात जो ‘निरुपयोगी’ इतिहास शिकवतात, त्यात मात्र २४ मार्च असतो.

माझ्या वडिलांना या सगळ्यात रस वाटू लागला तो विदर्भातल्या एका माणसामुळे. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे, परदेशातल्या भारतीयांनी ब्रिटिशांविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या मूळ देशात जाऊन या माणसाने मक्याच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या, आणि हे सगळे स्पॅनिशमधून. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले आहे. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. सुट्टीत घरी आले की वडील गिऱ्हाइकांना थांबवून मला ही गोष्ट सांगायला लावायचे. बियाण्याची पिशवी हातात घेऊन लोक ऐकायचे. आपल्या किती महाविद्यालयांत खानखोज्यांचे नाव ऐकू येते, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता थोडे कटू. रात्रपाळी सोडून मी काही काळ एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. विषय ‘ॲड-ऑन’, म्हणून बाकी सगळे तास संपल्यावर उरेल तो वर्ग, उरेल त्या वेळी. मानधन तासावर, तेही सत्र संपल्यानंतर कधीतरी. परीक्षेच्या महिन्यात तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. पुढच्या वर्षी पुरेशी मुले आली नाहीत म्हणून वर्गच बंद झाला, आणि हे मला शिपायाकडून कळले. प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेला स्पॅनिश हा विषय आहे, पण मंजूर पदच नसेल तर ते प्रमाणपत्र फ्रेम करून लावायचे का? ‘साइडचा कोर्स’ या मनोवृत्तीचा शेवट असा होतो. विषय साइडचा, शिक्षक साइडचा, मग शिकणारा तरी कशाला मन लावेल? अकरावी-बारावीला फ्रेंच-जर्मन ‘स्कोअरिंग’ म्हणून घ्यायची आणि बोर्डाचा पेपर झाला की पुस्तक रद्दीत, ही सवय आपण दोन पिढ्या जोपासली आहेच.

आणि २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण काय म्हणते? माध्यमिक शाळेत शिकवायच्या परकीय भाषांमध्ये कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, रशियन यांच्याबरोबर स्पॅनिशचे नाव त्यात आहे. कागदावर नाव आहे, ठीक. शिकवणार कोण? सहा महिन्यांच्या कोर्सवाले?

पदवीची तरफदारी करताना तिचे दोष झाकत नाही. आपल्याकडचे अभ्यासक्रम अजून साहित्याकडे फार झुकलेले आहेत. करारनामा, औषधाच्या पाकिटातली घडी घातलेली पत्रिका, ट्रॅक्टरचे मॅन्युअल यांचे भाषांतर मी नोकरीत शिकले. एकाच सुट्या भागाला मेक्सिकोत एक नाव आणि अर्जेंटिनात दुसरे, हे तर फिटरने फोनवर सांगितले तेव्हा कळले. मशीनने केलेले भाषांतर तपासणे हे आता माझे निम्म्याहून जास्त काम आहे, त्याचा एकही तास वर्गात नव्हता. बजाजच्या दुचाकी कोलंबियात रस्तोरस्ती दिसतात, टीसीएसची केंद्रे उरुग्वे आणि मेक्सिकोत आहेत, नाशिकच्या द्राक्षांना युरोपच्या बाजारात पेरू आणि चिलीच्या द्राक्षांशी टक्कर द्यावी लागते. असे असताना पदवीच्या नव्या मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) रचनेत स्पॅनिश मेजर आणि वाणिज्य किंवा कृषी मायनर अशी जोडी आपल्या विद्यापीठांनी का देऊ नये? त्यासाठी आधी पूर्णवेळ पदे भरावी लागतील, हे ओघाने आलेच.

तोवर मुलांना बाहेरच जावे लागणार. दिल्लीत जेएनयू, दिल्ली विद्यापीठ आणि जामिया, हैदराबादला इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ (इफ्लू), इथे स्पॅनिशची रीतसर पदवी आहे. वसतिगृह मिळाले तर खर्च पुण्यातल्या खासगी महाविद्यालयाहून कमी पडतो, हे पालकांना सांगितले की खरे वाटत नाही. बारावीला स्पॅनिश असायची गरज नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश मुख्यतः सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतात आणि त्या परीक्षेचे अर्ज बारावीच्या निकालाच्या बरेच आधी बंद होतात. आपला लेख आला तो निकालानंतर. तो वाचून माझ्या मामेबहिणीच्या मुलीने उदगीरहून उत्साहाने फोन केला, तेव्हा तिला ‘आता पुढच्या वर्षी’ असे सांगावे लागले. पुढच्या खेपेस ही माहिती जानेवारीत छापा, आणि शक्य झाले तर जिल्हा आवृत्त्यांमध्येही.

आपली,
एक स्पॅनिश अनुवादक
(मूळ उदगीर, सध्या पुणे)