टीव्हीवर ४के लिहिलेलं दिसलं म्हणून चित्र ४के असतंच असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टीव्हीवर चित्र पुसट दिसत असेल तर इंटरनेटचा स्पीड वाढवा, नाहीतर टीव्ही बदला असा सल्ला तुमच्या पुरवणीतल्या लेखात वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या घरी या दोन्हीतलं काहीच न करता चित्र नीट झालं, आणि बिघाड जिथे होता तिथे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आमच्याकडे एका जुन्या कॉम्प्युटरवर सिनेमे आणि घरचे व्हिडिओ साठवलेत, त्यावर मीडिया सर्व्हर (साठवलेले व्हिडिओ टीव्हीकडे पाठवणारा प्रोग्रॅम) चालतो आणि हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला स्ट्रीमिंग बॉक्स घरातल्याच वायफायवरून ते उचलतो, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटचा यात काही संबंधच येत नाही. आई बरेच दिवस सांगत होती की चेहरे धुरकट दिसतात. मी रात्री तोच सिनेमा लावला की एकदम स्वच्छ दिसायचा, म्हणून आम्ही सगळे धरूनच चाललो की तिच्या चष्म्याचा नंबर वाढला असणार. डोळे तपासून आणले तर नंबर होता तोच, तरी ती तक्रार करायची आणि आम्ही हो हो म्हणून सोडून द्यायचो, याचं मला अजून वाईट वाटतं.

एकदा दुपारी तिच्या शेजारी बसून बघितलं तेव्हा फरक कळला. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती सबटायटल लावून बघते, मी लावत नाही. मी रिमोटने सबटायटल बंद केली, दोनचार सेकंद ते गोल चक्र फिरलं आणि समोरच्या माणसाच्या शर्टाची वीणसुद्धा दिसायला लागली, परत चालू केली तर सगळं पुन्हा धूसर. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग कॉम्प्युटरवर सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडला, तिथे आत्ता काय चाललंय ते सगळं लिहिलेलं असतं. फाइल ३८४० × २१६० ची, म्हणजे ४के, टीव्हीकडे जातंय १२८० × ७२०, आणि खाली कारण दिलेलं की सबटायटलमुळे ट्रान्सकोड (व्हिडिओ बदलून नव्याने बनवणं) चालू आहे. झालं असं होतं की त्या फाइलमधली सबटायटल डिस्कवरून आलेली होती, ती अक्षरं नसतात, प्रत्येक ओळीचं एक छोटं चित्र असतं. आमच्या बॉक्सवरच्या ॲपला ती चित्रं स्वतः दाखवता येत नाहीत म्हणून सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर चिकटवतो आणि अख्खा व्हिडिओ नव्याने एनकोड करून पाठवतो. जुन्या कॉम्प्युटरला ४के एवढ्या वेगाने एनकोड करणं झेपत नाही, आणि क्वालिटी ऑटोवर असल्यामुळे तो आपणहून ७२० वर उतरतो. हिशोब केला तर ४केच्या एका फ्रेममध्ये जवळपास ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात आणि ७२० च्या फ्रेममध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास, म्हणजे आईला नऊ भागातला एकच भाग मिळत होता आणि उरलेलं बॉक्स अंदाजाने भरून काढत होता. उपाय अगदी साधा निघाला, त्याच सिनेमाची टेक्स्टवाली एसआरटी सबटायटल फाइल शेजारी ठेवली, ती ॲप स्वतःच दाखवतं, ट्रान्सकोड बंद झाला आणि फाइल आहे तशी जायला लागली.

आता माझी खरी तक्रार. हे सगळं चालू असताना टीव्हीवर माहितीचं बटण दाबलं की वर कोपऱ्यात २१६०पी असंच यायचं! कारण टीव्ही फक्त एचडीएमआय केबलमधून काय येतंय ते सांगतो, आणि मधला स्ट्रीमिंग बॉक्स ४८० चं चित्र असलं तरी ताणून ४के करूनच पुढे पाठवतो. ते बघून मीच आईला म्हटलं होतं की हे बघ, ४केच चालू आहे. मूळ व्हिडिओचं रिझोल्युशन किती आणि ते कुठे कमी झालं हे ॲपने पडद्यावरच सरळ दाखवायला हवं, मेनूच्या आतल्या मेनूत शोधायला लावू नये. टीव्ही बनवणाऱ्यांनी आणि ॲपवाल्यांनी याकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण घरातलं वयस्कर माणूस डॅशबोर्ड उघडायला जाणार नाही, ते आपल्याच डोळ्यांना दोष देत बसेल.

तुमच्या वाचकांना एवढंच सांगायचंय की खर्च करायच्या आधी फाइल, सर्व्हर, वायफाय, बॉक्स, केबल, टीव्ही अशी एकेक कडी तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळतच नाही. फाइलच मुळात ७२० ची असेल तर पुढे काहीही बदलून उपयोग नाही. बऱ्याच टीव्हींना नेटवर्कची केबल लावायचा जो लॅन पोर्ट असतो तो फक्त १०० एमबीपीएसचा असतो, आणि ४के डिस्कवरून जशीच्या तशी घेतलेली मोठी फाइल मधूनच त्याच्याही वर जाते, तेव्हा केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वायफाय बरं पडू शकतं, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरंय. आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, फाइल कॉपी करताना दिसतं ते मेगाबाइट, दोघांत आठपट फरक, इथे भलेभले फसतात. पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या ॲपचं गणित वेगळं असतं, तिथे बॉक्सपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना एचडीसीपी २.२ (केबलमधून जाणाऱ्या चित्राची कॉपी होऊ नये म्हणून असलेलं संरक्षण) चालत नसेल तर सहसा ४के मिळतच नाही, आणि ज्या फोनला किंवा बॉक्सला वाइडव्हाइन या चोरी रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी एल१ नसून खालची एल३ आहे त्याला बहुतेक ठिकाणी ४८० वरच थांबवतात, मग इंटरनेट कितीही वेगवान घ्या. एचडीएमआय १.४ वाल्या जुन्या पोर्टवर ४के सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच जातं, ६० साठी २.० लागतं, आणि काही टीव्हीत तर प्रत्येक पोर्टसाठी ते सेटिंग वेगळं चालू करावं लागतं.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी खरेदीच्या लेखासोबत तपासणी कशी करायची यावरही मराठीत नीट लिहा. ट्रान्सकोड, बिटरेट, डायरेक्ट प्ले हे शब्द सेटिंगमध्ये येतात, पण त्यांचा अर्थ सोप्या भाषेत सांगणारं सहज हाताला लागत नाही. तोवर ज्यांच्या घरी कुणी चित्र धुरकट दिसतंय म्हणत असेल त्यांनी आधी त्या माणसाच्या शेजारी बसून, त्याच वेळी, त्याच्याच सेटिंगवर, सबटायटलसकट बघावं.

आपला,
एक नियमित वाचक