ड्रोन पायलट प्रशिक्षण : नावे बुधवारपर्यंत द्या

गटातील सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

कपाशीची फवारणी तोंडावर आली आहे आणि पाठीवर पंप घ्यायला माणूस मिळेनासा झाला आहे. म्हणून गावातल्याच मुलामुलींना ड्रोन चालवायला शिकवायचं, असं बैठकीत ठरलं. वय १८ ते ६५ आणि दहावी पास, एवढी अट. प्रशिक्षण डीजीसीएची (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतच; प्रमाणपत्राशिवाय गटाच्या शिवारात कुणी ड्रोन उडवायचा नाही. बचत गटातल्या ताईंनी महिला बचत गटांना ड्रोन देण्यासाठीच्या केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेची चौकशी जरूर करावी.

२०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली, ते आपण विसरलेलो नाही. ड्रोनमुळे फवारणारा फवाऱ्यापासून लांब राहतो. तरी टाकीत औषध कालवताना हातमोजे आणि मास्क हवेतच. वारं सुटलं की ड्रोन खाली. औषध शेजारच्या रानात जाता कामा नये.

आजवर रोजंदारीवर फवारणी करणाऱ्यांची नावं आधी घेऊ, कारण यंत्र आल्यावर त्यांची मजुरी बुडू नये, ही आपली जबाबदारी आहे. दहावीची मार्कशीट आणि आधारची झेरॉक्स सचिवांकडे द्यावी.

– अध्यक्ष, शेतकरी गट