गोळी बंद केलीस, त्याबद्दल

नाशिक, रविवार

प्रिय मंजू,

दिवस गेल्याची बातमी वाचून मी स्वयंपाकघरातच नाचले. मग खालची ओळ वाचली, 'नैराश्याची गोळी परवापासून बंद केलीय, सासूबाई म्हणाल्या पोटात बाळ असताना असली औषधं नकोत.' नाचणं तिथंच थांबलं. फोनवर तू 'हो हो' म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहितेय.

धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. नवजात कक्षात नोकरी करून तसं म्हणणं खोटेपणा ठरेल. आई शेवटच्या महिन्यांत तुझ्या सर्ट्रालिनच्या गटातली नैराश्याची औषधं घेत असेल तर काही बाळं पहिले दोन-तीन दिवस थरथरतात, किरकिर करतात, नीट ओढून पीत नाहीत. अशी बाळं मी मांडीवर घेतली आहेत. आम्ही त्यांना नजरेखाली ठेवतो आणि बहुतेकांचं काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप निवळतं. याहून गंभीर म्हणजे बाळाच्या फुफ्फुसातला रक्तदाब जन्मानंतर उतरत नाही, तो आजार. एरवी तो हजारात साधारण दोन बाळांना होतो. एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, आयांनी ही औषधं घेतलेली असताना, तो हजारात तीनच्या आसपास दिसला. वाढ आहेच, पण किती, तेही बघ.

बाळाच्या हृदयातल्या दोषाची भीती मुख्यतः याच गटातल्या पॅरोक्सेटिन या औषधामुळे पसरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्या तिमाहीतल्या वापराबद्दल इशारा दिला होता. पुढे २०१४ मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास गरोदरपणांची नोंद तपासली, तेव्हा या औषधांमुळे हृदयदोष फारसे वाढल्याचं आढळलं नाही. तरी पॅरोक्सेटिन नव्याने सुरू करणं डॉक्टर शक्यतो टाळतात. तुझी सर्ट्रालिन वेगळी आहे. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही डॉक्टर बहुधा हीच आधी निवडतात, कारण दुधात ती फार कमी उतरते. (तुझ्या जुन्या चिठ्ठीत वॅल्प्रोएट होतं का? असेल तर लगेच सांग. ते फिट येण्यावर आणि मनाच्या टोकाच्या चढउतारांवर देतात, नैराश्याचं औषध नव्हे, पण गर्भाला त्याचा धोका खरोखर मोठा आहे.)

या गोळ्यांच्या धोक्याबद्दल तू पाठवलेली रील पाहिली. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत या विषयावर तज्ज्ञांची बैठक झाली, त्यातले तुकडे आहेत ते. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ती चर्चा एकतर्फी होती, असं लगेच जाहीर म्हटलं. ते रीलमध्ये येत नाही.

आता माझा राग ऐक. घरात सगळे हिशोब गोळीचे मांडतात. गोळी थांबवली की आजारही थांबतो का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध सोडलेल्या गरोदर बायकांपैकी ६८ टक्के पुन्हा नैराश्यात गेल्या, चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के. सगळ्या अभ्यासांत आकडे इतके ठळक नाहीत, हे खरं. पण मंजू, तुझं ते वर्ष मी पाहिलंय. जेवायची नाहीस, अंघोळ टाळायचीस, 'मी नसले तरी काय बिघडणार' म्हणायचीस. अशी आई तपासण्या चुकवते, तिला वेळेआधी कळा येण्याची शक्यता वाढते आणि जीवाचंच बरंवाईट होऊ शकतं. हेही सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं. तुला जमत नसेल तर मी बोलते, माझं त्या ऐकतात.

अचानक बंद केल्यावर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होऊ शकतं. ते बाळामुळे आहे असं समजून अंगावर काढू नकोस. आजच मानसोपचार डॉक्टरांना फोन कर आणि दिवस गेल्याचं सांग. गोळी परत कशी सुरू करायची ते त्यांनाच ठरवू दे. डोस स्वतःहून कमी करू नकोस, गरोदरपणात कधीकधी तो वाढवावाही लागतो. स्त्रीरोग डॉक्टरांनाही लपवू नकोस, म्हणजे पाचव्या महिन्याची सोनोग्राफी त्या जास्त लक्षपूर्वक करतील आणि बाळंतपणाच्या वेळी बालरोग डॉक्टर तयार राहतील.

रात्री मन फारच खचलं तर १४४१६ लाव. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, मराठीत बोलतात. नाहीतर मला उठव. बुधवारपर्यंत माझी दिवसपाळी आहे, संध्याकाळी सहानंतर कधीही.

तुझी,
सुमी

ता.क. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर चालेल का, तेही डॉक्टरांना विचारून घे.