मागची सीट रिकामी

कोल्हापूर,
२३ जून

प्रिय भुंग्या,

आदल्या रात्री साडेदहाला तुझा मेसेज: "उद्या जमत नाही रे, रिलीज आलंय." लेका, लग्न झाल्यापासूनची तुझी ही चौथी टांग. या वेळी मात्र मी बेत मोडला नाही. तुझं हेल्मेट इथंच पडलं होतं, ते मागच्या सीटवर दोरीनं आवळलं आणि एकटाच आंबोलीला निघालो.

संकेश्वरपर्यंत हायवे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथून पुढं गडहिंग्लज, आजरा करत जाताना हिरण्यकेशी कधी डाव्या तर कधी उजव्या हाताला भेटत राहते. नदी घाटावर उतरून घटप्रभेकडं निघालेली आणि आपण उलटे, तिच्या उगमाकडं. हॉस्टेलवर तू मला गोगलगाय म्हणायचास ते माझ्या गाडी चालवण्यावरून. या खेपेला तो गुण कामी आला. ताशी तीसनं गेलं की रस्त्यावरची माणसांव्यतिरिक्तची वर्दळ दिसते.

आजऱ्याच्या अलीकडं चहाला थांबलो. टपरीवाल्याचं पोरगं काडेपेटी घेऊन जवळ आलं, "बघायचंय?" म्हणालं. आत चार मृगाचे किडे! किती वर्षांनी पाहिले. एक तळहातावर घेतला. लालभडक मखमलीचा दाणा, बोट लागताच पाय आखडून मेल्याचं सोंग घेणारा. मी पाय मोजले, आठ भरले. म्हणजे नावाला किडा, पण भावकी कोळ्या-गोचिडांची. पोराला हे सांगितलं तर त्यानं काडेपेटी मिटली. "ह्यो किडाच हाय," असं ठणकावून निघून गेला. त्याचंही बरोबरच म्हण. मृगाचा किडा दिसला की पेरणीची घाई करणाऱ्या त्याच्या आज्याला पाय मोजून काय मिळणार होतं?

आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो हे वाचून ठाऊक होतं. अंगावर घेतल्यावर समजलं. उतरलो त्या घरच्या मावशींनी दारातच माझ्या पायाकडं बोट दाखवलं. मोजा लाल झालेला. आत घोट्याला जळू, फुगून जांभळाएवढी. मला काही कळलंच नव्हतं. मी ओढायला गेलो तर मावशी म्हणाल्या, "भियाव नको. पोट भरला काय आपसूक पडतली." आणि खरंच पडली, तृप्त होऊन. रक्त मात्र अर्धा तास थांबेना. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. मावशींनी हळद दाबली, चहा दिला आणि वर हसल्या. दुसऱ्या दिवशी मिठाची पुरचुंडी बरोबर घेतली, तर एकही जळू फिरकली नाही.

सकाळी हिरण्यकेशीच्या देवळात गेलो. गुहेतून पाणी येतं आणि पुढं कुंडात साठतं. त्याच कुंडातल्या एका छोट्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि नाव नदीचंच मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मी काठावर उकिडवा बसून बराच वेळ पाण्यात बघत होतो. एक सावली सळसळली. तोच तो, असं शपथेवर सांगणार नाही.

परतताना एका टाकीवर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा दिसला. मलबार उडत्या बेडकाचं घरटं. मादी अंडी घालताना फेस घुसळते, त्यात अंडी ओली राहतात आणि पिल्लं सुटली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. पाळण्याखाली हौद! बेडूकही शेजारीच पानाला चिकटून होता, पोपटी, बोटांमधले पडदे शेंदरी. मी तिथं तासभर उभा होतो. उडाला नाही. झोपा काढत होता बेटा, अगदी लेक्चरला तू काढायचास तशा.

पण खरं सांगायचं ते रात्रीचं. जेवून बॅटरी घेऊन सड्याकडं चालत निघालो. तिथला कातळ पावसात डबक्याडबक्यांनी भरतो आणि आंबोली टोड नावाचा भेक त्या उथळ पाण्यात अंडी घालतो. अंगठ्याएवढा जीव, कुशीला वाघासारखे पिवळे-काळे पट्टे. शास्त्राला तो स्वतंत्र जात म्हणून कळला २००९ मध्ये आणि सापडतो तो याच भागात. सड्यावर पोचायच्या आधीच डांबरावर बॅटरीचा झोत पडला आणि मी थबकलो. रस्ता हलत होता. बेडूक, भेक, खेकडे, सगळे या बाजूचे त्या बाजूला निघालेले. आणि मधेमधे चपटे झालेले. किलोमीटरभरात मी अकरा मोजले आणि मग मोजणं सोडलं. एका भेकाचा मागचा पाय अजून हलत होता. धबधबा बघून परतणाऱ्या गाड्या, काचा बंद, गाणी चालू. त्यांना तरी काय दिसणार? हायवेवर माझ्याही चाकाखाली काय काय गेलं असेल, देव जाणे.

मग परत जाऊन गाडीवरून एक वस्तू आणली आणि उचलून पलीकडं ठेवायला लागलो. पहिल्याला धरताना अंग शहारलं, दहाव्याला सवय झाली. हातात घेतला की मुततात, हे लक्षात ठेव. तोंड ज्या बाजूला असेल त्याच बाजूला न्यायचं, नाहीतर पुन्हा वळून रस्त्यावर येतात, हेही तासाभरात शिकलो. एक गाडी थांबली, काच खाली झाली. "काका, काय हरवलंय का?" काका! म्हटलं, "नाही, बेडूक आहेत." काच वर गेली. पण गाडी पुढच्या वळणापर्यंत अगदी हळू गेली, हे मी पाहिलं.

साडेबाराला थांबलो. तेवीस पलीकडं पोचवले होते. परत येताना तोच रस्ता होता आणि नवे बेडूक होते.

पुढच्या वर्षी मृग लागला की जायचं. सुट्टी आत्ताच टाकून ठेव. वहिनींना पण आण, त्या तुझ्यापेक्षा धीट आहेत.

तुझाच,
गोगलगाय

ता.क. ती वस्तू म्हणजे तुझं हेल्मेट. दोनदा धुतलंय, गच्चीवर उन्हाची वाट बघतंय.