सूचना : बोअर आणि हापशीच्या पाण्याची फ्लोराइड तपासणी

सर्व सदस्य ताईंना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 9 वाजता अंगणवाडीसमोर पाण्याचे नमुने गोळा करणार आहोत. ज्यांच्या घरी बोअरचे किंवा हापशीचे पाणी पितात त्यांनी नक्की यावे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, शेजारच्या चंद्रपुरातही, खडकातून उतरलेले फ्लोराइड पाण्यात सापडते. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे "आमचं पाणी गोड आहे" यावर जाऊ नका.

भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालते. त्याहून जास्त असलेले पाणी लहानपणी पोटात जात राहिले तर पक्के दात डागाळतात, आणि ते डाग घासून जात नाहीत. बरीच वर्षे खूप जास्त प्रमाण गेले तर हाडे-सांधे आखडतात. सांधे दुखले की आपण वयावर ढकलतो, पण एकदा पाणीही तपासून पाहा.

उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. पाण्यात टाकायचे क्लोरीनचे औषध मेडिक्लोरही इथे कामाचे नाही, ते जंतूंसाठी.

नमुना आणताना हापशी आधी चार-पाच मिनिटे चालवा. स्वच्छ प्लास्टिकची लिटरभर बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. काच नको. बाटलीवर नाव आणि हापशीची जागा लिहा. लाल रंग मारलेल्या, म्हणजे पाणी पिण्यास अयोग्य ठरलेल्या हापशीचे पाणी मात्र तपासणीची वाट न बघता पिण्या-स्वयंपाकासाठी आजच बंद करा. धुणी-भांड्यांना चालेल.